काचेवरचा दाणा

सकाळी ८.१०

बाबालाल मामांनी सिरपच्या नळाखाली करंगळी धरली, जिभेला लावली, डोळे मिटले आणि म्हणाले, "खारं रान हाय आज."

मी वहीत वेळ लिहिली. व्हॅक्यूम लिहिला, तापमान लिहिलं, सिरपचा दाटपणा लिहिला. खाऱ्या रानासाठी वहीत रकाना नव्हता. शेवटचा रकाना शेऱ्याचा, पण तो चीफ केमिस्टसाहेबांचा. त्यात आपण काही लिहायचं नसतं. ते शब्द मग वाफेत तसेच तरंगत राहिले.

सत्तावीस वर्षं झाली. ती वही रद्दीत गेली असेल. तरी तो दिवस मला वहीसारखाच आठवतो. वेळा ठळक आहेत, आणि दोन वेळांच्या मधलं सगळं पहाटेच्या स्वप्नासारखं ओलसर, गोड वासाचं, कडा नसलेलं. म्हणून तसंच लिहिते. ओळी वाकड्या गेल्या तर जाऊ देत.

सकाळी ८.३०

(या वेळेला काही घडलं नाही. पॅन धुऊन होईपर्यंत सांगून घेते.)

पॅन म्हणजे दोन माणसं उंचीचं, पोट सुटलेलं लोखंडी भांडं. उसाचा रस आटवला की सिरप होतं. ते पॅनमध्ये येतं. आतली हवा काढून घेतलेली असल्यामुळे कमी आचेवर उकळतं, आणि एका क्षणी त्यात साखरेचा दाणा धरतो. दाणा धरला की त्याला सिरप पाजत पाजत मोठा करायचा. तयार माल खाली सोडला की पॅन पडला म्हणायचं. पाजायला उशीर झाला, आतला माल फार घट्ट झाला, की मोठ्या दाण्यांच्या मधे नवा बारीक दाणा आपसूक उगवतो. धुळीसारखा. त्याला खोटा दाणा म्हणतात. खोटा दाणा आला की खालच्या मजल्यावरच्या मशीनच्या जाळ्या तुंबतात, साखर चिकट आणि पिवळट निघते, आणि दुपारपर्यंत सगळ्या कारखान्याला माहीत होतं की आज पॅनवर कोण होतं.

बाबालाल मुजावर तीस वर्षं पॅनमन होते. त्यांच्या हातून खोट्या दाण्याचा एकही पॅन पडला नव्हता. हे ते स्वतः कधी सांगत नसत. त्यांच्याऐवजी बाकीचे सगळे सांगत.

मी प्रमिला कुरणे. वय चोवीस. केमिस्ट्रीची पदवी, इचलकरंजीत केलेला कॉम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स. कारखान्याच्या लॅबमध्ये हंगामी. हंगामी म्हणजे एप्रिलमध्ये गाळप संपलं की गेटवर ओळखपत्र द्यायचं आणि ऑक्टोबरपर्यंत घरी बसायचं. आणि घरी मी म्हणजे लग्न व्हायची राहिलेली थोरली. आई स्थळांची वही काढायची, वडील पंख्याकडे बघत बसायचे. कायम नोकरी हे दोनच शब्द होते ज्यांनी ती वही मिटली असती.

(एक ओळ रिकामी सोडते.)

मागचे तीन महिने

दर दोन तासांनी लॅबमधून पॅनवर नमुना आणायला जावं लागे. लोखंडी जिना, तिसरा मजला. माझ्या आधी ते काम एक गडी करायचा. बाईमाणूस पॅनवर चढलं की दाणा धरत नाही, असं तिथे मानत. मी पहिल्यांदा चढले तेव्हा चार जण उठून पलीकडे गेले. एकाने जाता जाता पॅनकडे पाहून हात जोडले, थट्टा म्हणून की खरंच, मला कळलं नाही.

मामा उठले नाहीत. त्यांनी पितळी दांडा पॅनच्या भोकात घालून फिरवला, बाहेर काढला, टोकावरचा थेंब काचेच्या पट्टीवर सारवला आणि पट्टी माझ्यापुढे धरली.

"लॅबवाली न्हवं तू? सांग, काय दिसतंय?"

पॅनच्या वर एक उघडा बल्ब लोंबकळत होता. त्याच्यासमोर काच धरून बघायचं.

सांग, काय दिसतंय?
काही नाही मामा, नुसतं पिवळं पाणी.

सांग, काय दिसतंय?
धुकं. धुक्यात ठिपके.

सांग, काय दिसतंय?
राई सांडल्यासारखी.

सांग, काय दिसतंय?
कोपरे आलेत. चौकोनी. एकाला एक चिकटलेले नाहीत.

सांग, काय दिसतंय?
गणपतीच्या मखरात चमकी लावतात ना मामा, तसं.

"चमकी किती मोठी? तांदळाच्या कणीएवढी का साबुदाण्याएवढी?"
कणीएवढी.

प्रत्येक वेळी मी सांगून झालं की मामा काच हातात घेत, बल्बपुढे धरत, बराच वेळ डोळे बारीक करून बघत आणि म्हणत, "बरोबर." दुसरं काही नाही. शाळेत गणिताच्या वहीवर बाई बरोबरची खूण करत तसं मला वाटे. मी एकदाही चुकले नाही. जानेवारीपर्यंत मला झोपेत दाणे दिसायला लागले. डोळे मिटले की आत एक काच, तिच्यावर पसरलेलं आभाळ, आणि कुणीतरी विचारतंय.

पाळी संपली की वहीत सही करायची. ते विचारत, "कुठं करू?" मी रकान्यावर बोट ठेवायची. "इथं, मामा." ते माझ्या बोटाच्या शेजारी सही करत. मोठ्या माणसांना असं दाखवून घ्यायची सवय असते, एवढंच मला वाटायचं.

सकाळी ९.००

पुण्याच्या कंपनीचा इंजिनियर सराफ तीन दिवसांपासून तीन नंबरच्या पॅनला यंत्र बसवत होता. पॅनच्या पोटात एक सळई, तिला वायर, वायरच्या दुसऱ्या टोकाला कपाटाएवढं पॅनेल आणि त्यावर मॉनिटर. त्या दिवशी त्याला आणखी एक जोडणी कमी पडली. त्याने वर पाहिलं, पॅनवरच्या बल्बची वायर सोडवली आणि पॅनेलला लावली. बल्ब विझला. "दिवसाउजेडी काय करायचाय?" तो म्हणाला. खरंच होतं. पुढच्या खिडकीतून ऊन येत होतं.

हे माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही. मीही पाहून विसरले.

मग कित्तूरकर साहेब आले. चीफ केमिस्ट. पांढरा शर्ट, खिशाला चार पेनं. ते कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे सगळे त्यांच्या जवळ सरकून ऐकत.

ते म्हणाले, "आज हा पॅन यंत्र चालवेल. मुजावर, तुम्ही नुसतं उभं राहायचं, हात लावायचा नाही. माल नीट पडला तर पुढच्या महिन्यापासून पॅनेलवर कुरणेबाई बसतील. कायम." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पॅनेलकडे पाहत होते. "मुजावर, तुम्हाला यार्डात उसाच्या गाड्यांना टोकन वाटायला देऊ. सावलीतलं काम आहे."

"सावली बरी असती," मामा म्हणाले.

"आणि नाही पडला तर?" सराफने हसत विचारलं.

"तर तुमचं कपाट उचलून न्यायचं. आणि बाई एप्रिलपर्यंत लॅबमध्येच."

मला फक्त एक शब्द ऐकू आला होता. तो पुढचा अर्धा तास माझ्या कानात वाफेसारखा फिरत राहिला. बाईला पॅनवर चढू न देणारे सगळे हात, खरं तर जड व्हॉल्व्ह फिरवणारे हात होते. आता व्हॉल्व्ह आपोआप फिरणार होता. मला बसायला खुर्ची मिळणार होती. त्या मजल्यावर याआधी खुर्ची नव्हतीच.

सकाळी १०.२०

दाणा धरला.

मॉनिटरवर हिरवी रेघ सरळ चालली होती. सराफ मला समजावत होता. सळईतून सिरपमध्ये वीज सोडायची. माल पातळ असला की जास्त वीज जाते, घट्ट झाला की कमी. ठरलेल्या आकड्याच्या खाली गेलं की यंत्र स्वतःच सिरप पाजतं. "तुमच्या मामांच्या हाताऐवजी हे," तो म्हणाला, पण कुचकेपणाने नाही. चांगला मुलगा होता. डब्यातला पोह्यांचा अर्धा वाटा त्याने मामांना दिला होता.

मामा पॅनला टेकून उभे होते. उजवा तळवा पॅनच्या पोटावर. गाभण म्हशीच्या कुशीवर हात ठेवून माणूस उभा राहतो तसे.

खिडकीतून ऊन आत येत होतं आणि वाफ त्यातून हळूहळू वर जात होती. सगळा मजला गुळाच्या ढेपेत बसल्यासारखा. माझे डोळे जड झाले. मला दिसलं, मी खुर्चीत बसले आहे, समोर हिरवी रेघ, आई दारात उभी, हातात वही, आणि ती विचारते, सांग, काय दिसतंय? मी म्हणते, रेघ. सरळ रेघ. ती म्हणते, बरोबर, आणि वही चुलीत घालते.

सकाळी ११.४०

"आवाज जड झालाय," मामा म्हणाले.

सराफने मॉनिटर पाहिला. रेघ सरळ होती. कित्तूरकर साहेब खालून आले होते, त्यांनीही पाहिला. "मुजावर, हात लावू नका," ते म्हणाले.

"हात न्हाई लावत. बघू तर द्या."

मामांनी दांडा घातला, फिरवला, काढला. काच सारवली. माझ्यापुढे धरली.

"सांग, काय दिसतंय?"

मी खिडकीशी गेले. ऊन काचेतून आलं.

मोठे दाणे स्वच्छ होते, चौकोनी, साबुदाण्याएवढे. आणि त्यांच्या मधल्या प्रत्येक फटीत धूळ. नवी, पांढरी, बारीक, चमकणारी. इतका खोटा दाणा मी आधी कधी पाहिला नव्हता. सुंदर दिसत होता. हे लिहिताना लाज वाटते, पण दिसत होता.

मी म्हणाले, "साफ आहे."

(ही ओळ मी आजवर बऱ्याच जागी लिहून खोडली आहे. इथे राहू देते.)

ठरवून म्हणाले नाही. कायम हा शब्द तोंडात होता, त्याच्या जागी दुसरा निघाला. शिवाय माझ्यानंतर मामा बघणारच होते. तीस वर्षांची नजर. माझं खोटं त्यांच्या डोळ्यांपाशी अडेल, ते म्हणतील, परत बघ पोरी, आणि मी म्हणेन, अरे हो, आणि दोष ना माझा ना कुणाचा.

मामांनी काच घेतली. नेहमीसारखी वर धरली, बल्बपुढे. डोळे बारीक केले. बराच वेळ पाहिलं.

"साफ," ते म्हणाले.

बल्ब विझलेला होता.

११.४१ ते ११.४४

वहीत या तीन मिनिटांची नोंद नाही.

मी वर पाहिलं. काळा, थंड बल्ब, त्याच्यापुढे मामांचा हात, हातात काच, काचेच्या मागे पत्र्याचं अंधारं छत. ज्याला दिसतं तो माणूस तिथे काच धरणार नाही. तो माझ्यासारखा खिडकीकडे जाईल.

मग सगळ्या काचा परत आल्या. तीन महिन्यांच्या. एकामागून एक माझ्यासमोरून तरंगत गेल्या आणि प्रत्येकीमागून एक आवाज, बरोबर, बरोबर, बरोबर. मी परीक्षा देत आले असं समजत होते. पेपर तपासणाऱ्याला अक्षरच दिसत नव्हतं. तांदळाच्या कणीएवढी का साबुदाण्याएवढी? तो प्रश्न मला शिकवण्यासाठी नव्हता. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं. कुठं करू सही? इथं, मामा.

तीन महिने त्या पॅनवर बघणारं एकच माणूस होतं. ते मी होते. आणि आत्ताच मी त्यांना सांगितलं होतं, साफ आहे. त्यांचे कान सांगत होते, जड आहे. कानांवर विश्वास ठेवायचा की माझ्यावर, यात त्यांनी मला निवडलं होतं, असं मला तेव्हा वाटलं.

रेघ सरळ होती. कित्तूरकर साहेब जिन्याकडे वळले होते. अर्ध्या तासात माल एवढा घट्ट झाला असता की पाण्यानेही काही झालं नसतं.

सकाळी ११.४५

"मामा," मी म्हणाले, "काच पुसलेली नव्हती. मला नीट दिसलं नाही. परत काढता?"

त्यांनी काहीही न विचारता परत दांडा घातला. मी काच माझ्या ओढणीने पुसली. खिडकीशी गेले. एवढ्या जोरात बोलले की खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल.

"खोटा दाणा आहे. भरपूर."

सराफ मॉनिटरला हात लावून उभा राहिला, पडणाऱ्या माणसाला सावरावं तसा. "रेघ तर सरळ आहे."

मामांचा हात पाण्याच्या व्हॉल्व्हवर होता. कधी गेला मला कळलं नाही. त्यांनी मान माझ्याकडे वळवली, डोळे माझ्या खांद्याच्या थोडे पलीकडे.

"पाणी देऊ?"

तीस वर्षांत त्यांनी हा प्रश्न कुणाला विचारला नसेल. कित्तूरकर साहेब तिथेच होते, तरी त्यांनी साहेबांना विचारला नाही.

"द्या," मी म्हणाले.

दुपारी १२.३०

दर पाच मिनिटांनी काच. मामा दांडा काढत, मी खिडकीशी. धूळ आहे. आहे. कमी झाली. अजून थोडी. गरम पाण्यात बारीक दाणा आधी विरघळतो, मोठा टिकतो. काचेवरचं आभाळ हळूहळू निवळत होतं.

आणि तेव्हा मला सकाळचे शब्द सापडले: खारं रान. ते वाफेतच होते.

मी सराफला विचारलं, "मिठाच्या पाण्यातून वीज जास्त जाते ना?"

"जाते. का?"

"आज नदीकाठचा ऊस आलाय. तिकडची जमीन क्षारपड आहे, पाणी साचून मीठ फुटलेली. त्या रसात क्षार जास्त. माल घट्ट झाला तरी वीज जातच राहते. तुमच्या यंत्राला वाटतं, अजून पातळ आहे."

त्याने मॉनिटरकडे पाहिलं. मग म्हणाला, "हे आम्ही धरलंच नव्हतं. आमच्या ट्रायल दुसरीकडे झाल्या." आणि मग, "पण सकाळी कुणाला कळलं हे?"

"मामांना. जिभेला."

कित्तूरकर साहेबांनी नळाखाली बोट धरलं आणि चाखून पाहिलं. पुन्हा चाखलं. "मला तर गोडच लागतंय."

"च्या पिऊन आलाय तुम्ही साहेब," मामा म्हणाले. "सकाळी उपाशीपोटी बघायचं असतं."

सराफ हसला. साहेबही हसले असावेत, पण त्यांनी तोवर पेन काढलं होतं.

दुपारी ३.१०

पॅन पडला. खाली साखर पांढरी निघाली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सराफ तिथे होता. तो म्हणाला, रोजच्या रसाप्रमाणे आकडा बदलता आला तर यंत्र चालेल, फक्त आकडा ठरवणारं माणूस लागेल.

"म्हणजे कुरणेबाई," साहेब म्हणाले. "दाणा त्यांनीच पकडला. जमेल ना तुम्हाला? एकटीला?"

कायम हा शब्द टेबलावर होता. हात पुढे केला असता तर मिळाला असता.

"नाही," मी म्हणाले. "मला पॅनचा आवाज कळत नाही. रसातला खारटपणा कळत नाही. मुजावरमामा शेजारी लागतील."

"एका जागेवर दोन माणसं? संचालकांना काय सांगू?"

"सांगा, बाईला एकटीला जमत नाही."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. ते हुशार होते, काहीतरी असणार हे त्यांना दिसलं. पण जे विचारायला हवं होतं ते त्यांनी विचारलं नाही. "तसं लिहून द्याल?"

दिलं. माझ्या अक्षरात, सहीनिशी. ते पुढे वर्षभर कारखान्यात फिरलं. चहाच्या टपरीवर, हजेरीच्या रांगेत. आम्ही म्हणत नव्हतो का, बाईला एकटीला जमायचं नाही. मी खाली मान घालून जिना चढत असे. कायम झाले होते, पण पहिल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावरच्या खुर्चीपर्यंत रोज त्या बोलण्याच्या मधून जावं लागलं.

दुपारी ४.००

भोंगा झाला. मामा जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबले. मी त्यांच्या कोपराला हात लावला. पहिल्यांदाच.

"कधीपासून, मामा?"

त्यांनी कठडा धरला. "दोन हंगाम झालं, हळूहळू. मधलं गेलंय, कडंकडंचं दिसतंय. माणूस आला गेला कळतंय. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं, परत यायचं न्हाई म्हणून."

"मग मलाच का विचारायचात?"

"गड्याला इचारलं असतं तर दुसऱ्या दिवशी गेटवर समजलं असतं." ते एक पायरी उतरले. "तुझ्याशी बोलायलाच कोण येत न्हवतं."

मला हसू आलं. त्यांनाही. लोखंडी जिना आमच्या हसण्याने थरथरला. खालून कुणीतरी वर पाहिलं.

तीन वर्षांनी, एप्रिल, वेळ लिहिलेली नाही

तीन हंगाम आम्ही दोघांनी मिळून पॅन चालवला. सकाळी मामा उपाशीपोटी रस चाखायचे आणि सांगायचे, नदीकाठ, माळ, मधलं रान. मी आकडा फिरवायची. वहीत मी शेऱ्याच्या आधी पट्टीने एक उभी रेघ ओढली होती आणि वर लिहिलं होतं: रान. साहेबांनी पाहिलं आणि काही म्हणाले नाहीत. दुसऱ्या वर्षी वह्या छापून आल्या त्यात तो रकाना होता. सराफने पुण्याहून पत्रात विचारलं, हे आकडे कसे ठरवता, आम्हाला इतर कारखान्यांत वापरायचे आहेत. मी लिहिलं, तुमच्याकडे कुणी चहा न पिता येणारं आहे का?

त्या दिवशी गाळप संपलं होतं आणि मामांची नोकरीही. हार, नारळ, साहेबांचं भाषण, सगळं खाली झालं. मग ते म्हणाले, एकदा वर चल.

पॅन रिकामे होते. इतकी शांतता त्या मजल्यावर मी कधी ऐकली नव्हती. मामांनी तीन नंबरच्या पोटावर तळवा ठेवला. लोखंड थंड होतं. तसेच उभे राहिले. मग चाचपत खिडकीशी आले.

"सांग, काय दिसतंय?"

काच नव्हती. ते बाहेरचं विचारत होते.

मी सांगत गेले. यार्ड रिकामं आहे. दोन गाड्या दांड्या वर करून उभ्या. पाचट जाळल्याचे काळे पट्टे. रस्ता. रस्त्यावर एक सायकल, खूप हळू. पलीकडे कालवा. त्याच्या पुढे ऊन एवढं की नदी कुठे सुरू होते कळत नाही.

एवढंच होतं. उघडं, भाजलेलं. शेवटच्या दिवशी त्यांना हे असं द्यावं हे माझ्या जिवावर आलं. मी थांबले, मग म्हणाले, "कालव्यावर बगळे बसलेत. पंधरा-वीस असतील. ओळीनं."

मामा हसले. आवाज न करता, खांदे हलवत.

"कालव्याकडनंच आलोय मी सकाळी. ठणठणीत कोरडा हाय. बगळं कशाला बसतील तिथं?"

मी खिडकीचा गज धरला.

"खोटं बोलायच्या आधी श्वास घेतीस तू," ते म्हणाले. "बारीक. नाकानं. त्या दिवशीबी घेतला हुतास."

कुठल्या दिवशी, असं मी विचारलं नाही. गज उन्हाने तापलेला होता, तरी मी हात काढला नाही. तीन वर्षं मला वाटत होतं की त्यांनी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि फसले.

"मग साफ का म्हणालात, मामा?"

"तुला कायम व्हायचं हुतं न्हवं?"

"पण तुमचा पॅन. तीस वर्षांत एक—"

"साखर हाय ती. परत विरघळवली असती." त्यांनी चेहरा उन्हाकडे केला. कडेकडेचं दिसतं म्हणाले होते, आता ते किती उरलं होतं कोण जाणे. "तू परत काच मागितलीस तवा मात्र मला कळंना, आता हिला काय झालं."

 सायकल गेली. काळ्या पट्ट्यांवर ऊन हलत होतं, पाण्यासारखं.

"बगळे नाहीत, मामा," मी म्हणाले. "कालवा कोरडाच आहे."

"ऱ्हाऊ देत," ते म्हणाले. "बसलेत तर बसू देत. किती म्हणालीस?"

"वीस," मी म्हणाले, श्वास न घेता.